रविवारच्या क्लब मॅचला सभासद यावेत म्हणून: छोट्या शूटिंग क्लबच्या चालकांसाठी

रविवारी सकाळी साडेसातला रेंजचे कुलूप काढायचे, आठही लेनवर टार्गेट लावायची, रायफल-पिस्तुलात भरायच्या सिलिंडरमधली हवा तपासायची, स्कोअरशीट क्रमाने मांडून ठेवायच्या, आणि नऊ वाजता मान वर करून बघावे तर समोर पाच जण. त्यातले दोघे कमिटीतलेच. छोट्या शूटिंग क्लबचे सचिवपद किंवा खजिनदारपद ज्यांनी सांभाळले आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. मी एका जिल्ह्याच्या गावी एअर रायफल आणि एअर पिस्तुलाच्या क्लबचे काम अकरा वर्षे पाहते आहे. सुरुवातीची काही वर्षे मीही म्हणत असे की लोकांना आवडच राहिली नाही. ते खरे नव्हते. तीच माणसे मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येत होती, पदरमोड करून छर्रे घेत होती, तासन् तास लेनवर उभी राहत होती. मॅचच्या दिवशी तेवढी येत नव्हती.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे ब्राँझ मिळवले, तेव्हा आमच्याकडे चौकशीच्या फोनांची रीघ लागली. नवी नावे नोंदवली गेली, सरावाच्या वेळा अपुऱ्या पडायला लागल्या. क्लब मॅचचा तक्ता मात्र होता तेवढाच राहिला. तेव्हा माझ्या नीट लक्षात आले की सभासद मिळवणे हे एक काम आहे आणि त्या सभासदाला मॅचला आणणे हे दुसरे, आणि दुसऱ्या कामाकडे आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: बहुतेक क्लबांची मॅच पहिल्या पाच नेमबाजांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते. उरलेल्यांना आपला नंबर घरून निघतानाच माहीत असतो. मग दिवसभर ताटकळून तो कागदावर पाहायला ते कशाला येतील? खाली दिलेली कृती या एका गोष्टीवर उभी आहे. ती आमच्यासारख्या, म्हणजे दहा मीटरच्या सहा-दहा लेन, कागदी टार्गेट आणि पन्नास-साठ सभासद असलेल्या क्लबसाठी आहे.

पायरी १: आधी मोजा

तक्रार करण्याआधी गेल्या बारा महिन्यांचे स्कोअरशीट काढा आणि एका वहीत सगळ्या सभासदांची नावे उभी, मॅचच्या तारखा आडव्या अशी चौकट आखा. जो आला त्याच्यापुढे टिक. तासाभराचे काम आहे, पण ते कोणी करत नाही.

चौकट भरली की चार गट आपोआप दिसतात. नेहमी येणारे. अधूनमधून येणारे. पूर्वी यायचे आणि मग एकदम थांबले असे. आणि एकदाही न आलेले. या चौघांचे दुखणे वेगळे आहे, म्हणून औषधही वेगळे. सगळ्यांना मिळून एकच कळकळीचा निरोप पाठवण्याचा उपयोग होत नाही तो यामुळेच. जो पहिल्या गटात आहे त्याला तो निरोप लागत नाही आणि जो चौथ्यात आहे त्याला तो आपल्यासाठी आहे असे वाटत नाही.

तिसरा गट सगळ्यात मोलाचा. या माणसांना मॅच काय असते ते माहीत आहे, त्यांच्याकडे साहित्य आहे, आणि कुठल्या तरी एका विशिष्ट दिवसानंतर ती आलेली नाहीत. त्या दिवशी काय झाले ते शोधा. आमच्या वहीत एकाच तारखेनंतर चार नावे गळालेली दिसली. त्या दिवशी सिलिंडरमधली हवा संपली होती आणि शेवटच्या डिटेलला (डिटेल म्हणजे एका वेळी लेनवर उतरणारी तुकडी) दुपारी तीन वाजेपर्यंत बसून राहावे लागले होते. आम्ही ते विसरलो होतो. त्या चौघांनी विसरण्याचे काहीच कारण नव्हते.

पायरी २: फोन करा आणि ‘शिवाय’ची वाट पाहा

ग्रुपवर ‘कृपया सर्वांनी उपस्थित राहावे’ असे लिहिणे म्हणजे चौकात दवंडी देणे. आपल्याकडे लग्नाला कोणी नुसत्या दवंडीवर जात नाही. घरी येऊन अक्षता दिल्या तर माणूस जातो, आणि गावाकडे आवतण आले नाही म्हणून वर्षानुवर्षे रुसून बसणारे लोक आपण पाहिलेले आहेत. सभासदाचेही तसेच आहे.

पहिला फोन मॅचला बोलावण्यासाठी करू नका, विचारण्यासाठी करा. माझा एक फोन असा झाला होता.

“काका, नमस्कार. क्लबमधून बोलतेय. मागच्या तीन मॅचना दिसला नाहीत, म्हणून म्हटलं चौकशी करावी. तब्येत बरी आहे ना?”

“तब्येत ठणठणीत आहे हो मॅडम. पण मॅच म्हटली की आख्खा रविवार जातो. शिवाय…”

इथे आपण गप्प बसायचे. ‘पुढच्या वेळी नक्की या हं’ म्हणून घाईने फोन ठेवला तर खरे कारण हाती लागत नाही.

“शिवाय ती आठवी-नववीतली पोरं सहाशेपैकी साडेपाचशेच्या वर मारतात. माझं नाव भिंतीवरच्या यादीत सगळ्यात खाली. नातू माझ्याबरोबर असतो, तो वाचतो ते.”

‘वेळ नाही’ हे उत्तर मी आता पुरे धरत नाही. त्याच्या मागे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट निघते: फार थांबावे लागते, सर्वांसमोर लाज वाटते, किंवा तिथे आपल्याशी कोणी बोलत नाही. चौथी गोष्ट बायका फोनवर मला सांगतात, कमिटीतल्या पुरुषांना सांगत नाहीत: रेंजवर स्वच्छतागृह नीट नाही आणि नेमबाजीचे जॅकेट-ट्राउझर चढवायला आडोसा नाही. तुमच्या क्लबात मुली सरावाला येतात आणि दिवसभराच्या मॅचला येत नाहीत असे दिसत असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवून आधी हे करा. एक कडी लागणारे दार, पाणी, आरसा आणि एक पडदा. याच्याइतका चांगला खर्च क्लबने दुसरा कोणता केलेला मला आठवत नाही.

ऐकलेले कारण त्याच वहीत नावापुढे लिहून ठेवा. वीस फोन झाले की चित्र स्पष्ट होते.

पायरी ३: दिवस लहान करा

आता गणित करू. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दहा मीटर एअर रायफलची किंवा पिस्तुलाची पूर्ण मॅच ६० शॉटची. कागदी टार्गेटवर त्याला ९० मिनिटे, त्याआधी तयारी आणि सायटिंगला (नेम जुळवायचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) १५ मिनिटे. म्हणजे एका डिटेलचे पावणेदोन तास नक्की. टार्गेट बदलणे, साहित्य उचलणे, पुढच्यांनी मांडणे याला आणखी पंधरा मिनिटे धरा. दोन तास झाले. आठ लेन आणि ३२ नेमबाज असतील तर चार डिटेल. आठ तास! नऊला सुरुवात केली तर शेवटचा माणूस संध्याकाळी पाचला मोकळा होतो आणि बक्षिसांसाठी थांबायचे तर सहा.

इथे एक विचित्र गोष्ट होते. उपस्थिती वाढली की दिवस लांबतो, दिवस लांबला की पुढच्या वेळी उपस्थिती घटते. म्हणून मॅच लहान केल्याशिवाय माणसे वाढवण्याच्या मागे लागू नका. वाढलेली माणसे तुम्हीच परत घालवाल.

दरमहाची क्लब मॅच २० शॉटची करा. दहा मिनिटे सायटिंग, तीस मिनिटे मॅच, पंधरा मिनिटे बदलाबदल. एका डिटेलला ५५ मिनिटे. तेच ३२ जण चार डिटेलमध्ये तीन तास चाळीस मिनिटांत होतात. साडेआठला पहिला शॉट सुटला तर सव्वाबाराच्या आत सगळे संपते आणि लोक जेवायला घरी जातात. छर्ऱ्यांचा हिशेबही सोपा होतो: सायटिंग धरून तीसेक छर्रे. पाचशेच्या डबीत सोळा मॅच निघतात. ६० शॉटच्या मॅचला ऐंशीच्या आसपास लागतात आणि तीच डबी सहा मॅचमध्ये रिकामी होते. ज्या घरात दोन मुले नेमबाजी करतात त्या आईवडिलांना हा फरक चटकन कळतो.

यावर पहिला आक्षेप चांगल्या नेमबाजांकडून येईल, आणि तो योग्यच आहे. २० शॉटमध्ये कस लागत नाही. शेवटच्या पंधरा शॉटमध्ये पाय जड होतात, डोळा थकतो, आणि तिथेच खरी मॅच असते. म्हणून दर तीन महिन्यांनी एक पूर्ण ६० शॉटची मॅच ठेवा, अगदी वेळेच्या आणि हुकमांच्या काटेकोर शिस्तीत. राज्य स्पर्धेला जाणारी आणि तिथून पुढे अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेची तयारी करणारी मुले तिला आवर्जून येतात. ती स्पर्धा ज्यांच्या नावाने आहे ते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली त्यामागे तेच होते. रायफल क्लब गावोगावच्या साध्या नागरिकांसाठी असावेत हा विचार त्यात होता, आणि महिन्याची २० शॉटची मॅच त्या साध्या नागरिकासाठी आहे.

आणखी एक. प्रत्येकाला आपली डिटेल आणि वेळ आदल्या गुरुवारपर्यंत कळली पाहिजे. ‘सकाळी या, बघू’ हे बंद. दहा पंचवीसची डिटेल असेल तर त्याने दहाला यावे, साडेअकराला निघावे. थांबणारे आनंदाने थांबतील, पण थांबणे हा मॅचच्या फीचा भाग असता कामा नये.

पायरी ४: जिंकण्याच्या वाटा वाढवा

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, म्हणून थोडे सविस्तर.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. ज्याला जॅकेट आहे, चांगली रायफल आहे, आठवड्यातून पाच दिवस सराव आहे, तो त्या ठिपक्यावर पुन्हा पुन्हा जातो. बँकेतून सहाला सुटून आठवड्यातून एकदा येणारा जात नाही. दोघांना एकाच यादीत लावले की निकाल ठरलेला. याला तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकाच मॅचमध्ये चालतात.

पहिला हँडिकॅप. गोल्फमध्ये असतो तसाच. सभासदाच्या मागच्या तीन मॅचची सरासरी काढा. ती पूर्ण गुणांतून वजा करा. जो फरक येईल त्याच्या ८० टक्के गुण त्याला वरून द्या. २० शॉटचे पूर्ण गुण २००. समजा एका काकांची सरासरी १६०, म्हणजे फरक ४० आणि हँडिकॅप ३२. एका मुलीची सरासरी १९०, फरक १०, हँडिकॅप ८. आज काकांनी १६७ मारले, त्यांचे १९९ झाले. मुलीने १९० मारले, तिचे १९८. काका एका गुणाने जिंकले, कारण ते आज स्वतःच्या नेहमीच्या खेळापेक्षा सात गुण वर खेळले. मूळ गुणांची यादी वेगळी असतेच, तिच्यात मुलगी पहिली. कोणाचे काही हिरावले जात नाही.

पूर्ण १०० टक्के का देत नाही? कारण चांगल्या नेमबाजाला वर जायला जागाच थोडी असते. १९० वाल्याला सात गुण वाढवणे आणि १६० वाल्याला सात गुण वाढवणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ८० टक्क्यांनी तो थोडा भरून निघतो. मुद्दाम कमी मारून हँडिकॅप वाढवणारा एखादा निघतो का, असे मला नेहमी विचारतात. एक नियम ठेवा: कोणी आपल्या सरासरीच्या १२ गुण वर गेला तर पुढच्या मॅचपासून त्याचा हँडिकॅप त्या दिवसाच्या गुणांवरून काढायचा. आणि नव्या सभासदाला पहिल्या तीन मॅच हँडिकॅपच्या बक्षिसात धरायचे नाही, कारण त्याची सरासरीच तयार नसते. एवढे पुरते.

दुसरा उपाय जर्मनीतल्या, विशेषतः बव्हेरियातल्या क्लबांकडून घेतलेला. तिथे गावोगावी नेमबाजीचे जुने क्लब आहेत आणि त्यांच्यात एकूण गुणांच्या जोडीला ‘सगळ्यात मधला एक शॉट’ यालाही बक्षीस असते. छर्ऱ्याच्या छिद्राचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून किती दूर, हे ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. ज्याचे अंतर सर्वांत कमी तो त्या दिवसाचा मानकरी. कित्येक क्लबांत वर्षाचा ‘राजा’ असाच ठरतो. यात सुंदर गोष्ट ही की एक शॉट कोणाचाही बसू शकतो. ज्याने एकूण १४० मारले त्याचाही. कागदी टार्गेटवर भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून दोघांनी मोजले की काम होते. रायफल आणि पिस्तुलाचे मात्र वेगळे ठेवा. पिस्तुलाचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, ती दोन मोजमापे शेजारी मांडणे न्यायाचे नाही.

त्याच क्लबांत मानकऱ्याची रंगवलेली लाकडी तबकडी भिंतीवर लावायची चाल आहे. आम्ही ती उचलली. गावातला एक पाट्या रंगवणारा कारागीर वर्षाला एक तबकडी रंगवून देतो, त्यावर नाव आणि साल. कपाटात धूळ खात पडणाऱ्या प्लास्टिकच्या चषकांपेक्षा लोकांना तिचे अप्रूप जास्त आहे.

तिसरा उपाय साधा आहे: ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायची) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) वेगळे करा. शालेय स्पर्धांत हे वेगळे असतातच, क्लबांत मात्र ‘कशाला एवढे फाटे’ म्हणून एकत्र केले जातात. साधी ओपन साइटची रायफल घेऊन आलेल्या मुलाला महागड्या पीप साइटच्या शेजारी उभे करून एका यादीत लावणे म्हणजे त्याला परत येऊ नको असे सांगणे आहे.

भिंतीवरच्या यादीचे काय? आम्ही आता प्रत्येक गटातले पहिले पाच लावतो. बाकीच्यांना ज्याचा त्याचा स्कोअर हातात किंवा फोनवर. आपला गुण जगाला सांगायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

पायरी ५: आवतण

मॅचच्या तीन आठवडे आधी तारीख जाहीर. दहा दिवस आधी फोन. कमिटीत सहा जण असतील तर प्रत्येकाने आठ-दहा नावे वाटून घ्यावीत, आणि शक्यतो ज्याची ज्याच्याशी ओळख आहे तीच. फोनवर ‘येताय का’ असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘बघतो’ असते. ‘दादा, तुमच्यासाठी सव्वादहाची डिटेल धरलीय, लेन चार. चालेल, की पहिलीच बरी पडेल?’ असे विचारा. जागा राखलेली आहे म्हटल्यावर माणूस ती मोडायला बिचकतो, आणि येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगतो. दोन्ही उत्तरे कामाची.

सगळे फोन सचिवाने एकट्याने करणे हे घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचे काम होते आणि दोन वर्षांत तो सचिव थकतो. मी थकले होते. वाटून घ्या.

वर्षाचे वेळापत्रक एकदाच, एप्रिलमध्ये, छापून द्या. मॅच ठरावीक रविवारी ठेवा, आमचा दुसरा रविवार. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च, गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळीचा आठवडा सोडा. भर पावसाळा मात्र सोडू नका. दहा मीटरची रेंज छताखाली असते, क्रिकेटची मैदाने बंद असतात, पोरे घरात कंटाळलेली असतात. आमची जुलैची मॅच वर्षातली सर्वांत भरलेली असते.

पायरी ६: पहिल्यांदा येणाऱ्याला सांभाळा

चौथा गट आठवा: एकदाही न आलेले. यांना मॅच म्हणजे परीक्षा वाटते. काय घालायचे, कधी लोड करायचे, ‘स्टॉप’ म्हटल्यावर हातातली रायफल कुठे ठेवायची, चुकलो तर कोण ओरडेल, हे सगळे प्रश्न त्यांच्या मनात असतात आणि ते कोणाला विचारत नाहीत.

मॅचच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची रंगीत तालीम ठेवा. रेंज ऑफिसरने खरे हुकूम द्यायचे, प्रत्येकाने पाच शॉट मारायचे, स्कोअर नाही. मॅचच्या दिवशी नव्या माणसाच्या शेजारच्या लेनवर जुना, शांत स्वभावाचा सभासद द्या. क्लबची दोन-तीन जॅकेट वेगवेगळ्या मापांची काढून ठेवा आणि ‘रिकाम्या हाताने आलात तरी चालेल’ असे आधीच कळवा. ज्यांना उभे राहून रायफल पेलत नाही, वयामुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे, त्यांच्यासाठी बसून टेकूवर मारण्याचा वेगळा गट करा. आमच्याकडे तो गट सुरू झाला आणि तीन निवृत्त शिक्षक परत आले.

शाळकरी मुलांच्या बाबतीत खरा निर्णय आई घेते. तिचे प्रश्न ठरलेले: किती वाजता सुटेल, खर्च किती, आणि याचा उपयोग काय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा आणि दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण यांची माहिती तिला नीट द्या, पण क्लब मॅचमधून ते गुण मिळतात असे भासवू नका. ते मिळत नाहीत. क्लब मॅचचा उपयोग एवढाच आणि एवढा मोठा आहे: दहा अनोळखी माणसांच्या मध्ये, घड्याळ चालू असताना, छातीत धडधड होत असताना ट्रिगर कसा दाबायचा, हे मूल इथे शिकते. सरावात चारशेपैकी ३८० मारणारे मूल जिल्हा स्पर्धेत ३५५ वर येते ते हात बिघडल्यामुळे नव्हे. त्याने आधी कधी मॅच खेळलेली नसते. प्रशिक्षकांनाही हे सांगावे लागते. काही प्रशिक्षक स्वतःच मुलांना ‘क्लब मॅच सोड, सराव कर’ म्हणतात. त्यांच्याबरोबर बसून क्लब मॅच त्यांच्या सरावाच्या आखणीतच घालून घ्या.

सुरक्षिततेत मात्र सवलत नाही

घरचे लोक, लहान भावंडे, शेजारी असे सगळे यायला लागले की हा विषय जास्त कडक करायचा. फायरिंग लाइनच्या मागे जमिनीवर पिवळा पट्टा, त्याच्या पुढे नेमबाज आणि रेंज ऑफिसर सोडून कोणी नाही. लेनवर नसलेली प्रत्येक रायफल आणि पिस्तूल पेटीत, किंवा बोल्ट उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. छर्रा घातलेला नसला तरी नळी माणसाकडे वळली की त्या माणसाची मॅच तिथे संपली, मग तो क्लबचा अध्यक्ष असो. टार्गेट बदलायला कोणी पुढे गेले असताना हत्याराला हात नाही. त्या डिटेलमध्ये स्वतः मारणारा माणूस रेंज ऑफिसर होऊ शकत नाही. ही शिस्त पाहूनच पालकांचा विश्वास बसतो, हे मी वारंवार अनुभवले आहे. शिस्तीने माणसे दूर जातात ही कमिटीतली भीती निराधार आहे.

पायरी ७: हाताला काम द्या

ज्या माणसाला मॅचमध्ये काही काम असते तो येतोच. टार्गेट मोजणे, स्कोअर लिहिणे, वेळ सांगणे, नव्यांना जॅकेट चढवून देणे, पोह्यांचा हिशेब. ही कामे कमिटीने स्वतःकडे दाबून ठेवू नयेत. फोनवर ‘शिवाय’ म्हणून थांबलेले ते काका आता दुसऱ्या डिटेलचे रेंज ऑफिसर असतात. त्यांचा आवाज खणखणीत आहे, वेळेचे भान पक्के आहे, आणि नातू स्कोअरशीट गोळा करतो. काका मारतातही, तिसऱ्या डिटेलला.

चहा आणि पोहे ठेवा. साडेदहाला, सगळ्यांना, फीमध्येच धरून. मॅच झाल्याबरोबर गाडीला किक मारून निघून जाणारी माणसे तिथे दहा मिनिटे थांबतात, एकमेकांची ग्रिप बघतात, कोणत्या डबीचे छर्रे चांगले लागले ते सांगतात. आपल्याशी इथे कोणी बोलत नाही, ही फोनवर ऐकलेली तक्रार त्या दहा मिनिटांत मिटते. फी कमी ठेवा आणि मॅचमधून पैसे उभे करण्याचा विचार सोडून द्या. क्लबला पैसे वर्गणीतून आणि शिबिरांतून येऊ देत.

पायरी ८: दुसऱ्या क्लबाशी टपाली मॅच

उपस्थिती थोडी सावरली की हे करून पाहा. इंग्लंडमधल्या छोट्या रायफल क्लबांत ही प्रथा फार जुनी आहे. दोन गावांचे क्लब, प्रत्येकी दहा जण. प्रवास नाही. एकाच आठवड्यात आपापल्या रेंजवर २० शॉट मारायचे, सही-शिक्क्याची टार्गेट एकमेकांकडे पाठवायची, मोजणी समोरच्याने करायची. बेरीज दहाही जणांची धरायची, ‘उत्तम पाच’ नाही. मग क्लबातल्या दहाव्या माणसाचे १५५ गुणसुद्धा सगळ्यांना हवेहवेसे होतात, आणि जे चार दिवस आले नाहीत त्यांना चांगले नेमबाज स्वतः फोन करायला लागतात. सचिवाला करावा लागत नाही!

पायरी ९: मॅच संपल्यावर

निकाल त्याच रात्री पाठवा. तीन दिवसांनी आलेला निकाल कोणी उघडत नाही. त्यात पहिल्या क्रमांकाइतकीच जागा ‘स्वतःच्या सरासरीपेक्षा सर्वांत पुढे गेलेला’ आणि ‘सर्वांत मधला शॉट’ यांना द्या. पहिल्यांदा आलेल्यांची नावे वेगळी लिहा.

सोमवारी किंवा मंगळवारी वही पुन्हा उघडा. आलेल्यांपुढे टिक करा. ‘येतो’ म्हणून न आलेल्यांना एकच फोन, जाब विचारण्यासाठी नव्हे: ‘ताई, काल वाट पाहिली तुमची, सगळं ठीक ना?’ सलग दोन मॅच चुकल्या की हा फोन आलाच पाहिजे. तिसऱ्यानंतर माणसाला परत यायचा संकोच वाटू लागतो, आणि सहा महिन्यांनंतर तो वर्गणी भरायचेही थांबवतो.

पहिल्या दोन मॅचमध्ये फार फरक दिसणार नाही. लोकांना दिवस खरोखर लहान झाला आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि हँडिकॅपसाठी तीन मॅचची सरासरी जमावी लागते. कमिटीतले कोणीतरी ‘बघा, काही उपयोग नाही’ म्हणेल. निदान सहा मॅच तसेच चालू ठेवायचे असे सुरुवातीलाच बैठकीत ठराव करून लिहून घ्या.

आणि स्कोअर हातात देताना त्याच कागदाच्या तळाशी पुढच्या मॅचची तारीख, डिटेल आणि लेन लिहून द्या. आम्ही कार्बन घालून दोन प्रती करतो. एक त्यांच्याकडे, एक वहीत.